लेकरू कोणाच्या मालकीचं?

आपल्या अभ्यासवर्गात मनुस्मृती निघते, पुणे करार निघतो, संविधान सभा निघते. कोर्टाचे निकाल क्वचितच निघतात. ते वकिलांचं, इंग्रजीतलं काम म्हणून आपण बाजूला सारतो. पण पोराचा ताबा कोणाला, पोर गिरणीत घालायचं की शाळेत, लेकरू टाकणाऱ्या आईला काय शिक्षा, लेकराची जात बापाची की आईची, या सगळ्याचे निवाडे कोर्टात झालेत. त्या निवाड्यांखाली आपल्या बायाबापड्या भरडल्या आहेत.

मी गिरणीत पाळी करणारा माणूस. पाताळगंगेच्या काठी, पनवेल तालुक्यातल्या आपट्याला राहतो. कॉलेज केलं नाही. मिळेल तिथून वाचलं आणि समजलं तसं मांडतो. गेल्या पावणेदोनशे वर्षांत कोर्टानं लेकराबद्दल काय ठरवलं आणि त्यात आपला माणूस कुठं उभा होता, एवढंच बघायचं आहे.

सुरुवात १८४३ पासून करू. त्या साली कंपनी सरकारनं पाचवा कायदा केला. हिंदुस्थानात कोणी कोणाचा गुलाम आहे असा हक्क यापुढं कोर्ट मानणार नाही, असा त्याचा अर्थ. माणूस ही मालमत्ता नाही, हे कागदावर आलं. त्याच साली मुंबईच्या सुप्रीम कोर्टात श्रीपत शेषाद्री नावाच्या बाराएक वर्षांच्या ब्राह्मण मुलाचा खटला उभा राहिला. त्याचा थोरला भाऊ नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाला होता. श्रीपतही मिशनऱ्यांकडं राहायला गेला. बाप कोर्टात आला. न्यायमूर्ती अर्स्किन पेरी यांनी मुलगा बापाच्या हवाली केला. पोराच्या मर्जीवर हा निकाल लागला नाही, बापाच्या हक्कावर लागला.

पुढची गंमत बघा. कोर्टानं पोरगं बापाला दिलं, पण जात त्याला घेईना. मिशनऱ्यांच्या घरी जेवला म्हणजे बाटला. बाळशास्त्री जांभेकर म्हणाले, प्रायश्चित्त देऊन परत घ्या. तर सनातनी त्यांच्यावरच उलटले. म्हणजे बापाच्या हक्काच्या वर आणखी एक मालक बसलेला होता, जात. गोऱ्या न्यायाधीशाचा हुकूम त्या उंबऱ्यापर्यंतच चालला. आणि तो थोरला भाऊ नारायण पुढं जालन्याकडं गेला, मांग-महारांत राहून बेथेल नावाची वसाहत उभी केली. ज्या घरातून एका भावाला ओढून परत नेलं, त्याच घरातला दुसरा भाऊ आपल्या वस्तीत येऊन बसला, हे आपल्या इतिहासात लिहून ठेवण्यासारखं आहे.

बापाचा हक्क असा. आता आईची जबाबदारी बघू.

जोतीराव फुल्यांनी १८८४ साली सरकारला लिहून दिलेल्या टिपणात काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेची हकीकत आहे. फसवून गरोदर केलेली बाई. तिनं जन्मलेलं मूल मारलं. कोर्टानं तिला अंदमानात जन्मठेप दिली. फसवणारा पुरुष कोर्टाच्या कागदात कुठंच नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते याच दुखण्यावर. इथं या, गुपचूप बाळंत व्हा, मूल न्या किंवा आमच्याकडं ठेवा. त्याच घरात जन्मलेला यशवंत त्यांनी १८७४ साली दत्तक घेतला. कोर्ट जिथं फक्त आरोपी बघत होतं, तिथं माळ्याच्या घरानं पाळणा बांधला.

१८८१ साली सुरतेच्या कोर्टानं विजयालक्ष्मी या विधवेला मूल मारल्याबद्दल फाशी सुनावली. अपिलात फाशी जाऊन काळं पाणी झालं. वर्तमानपत्रांना ऊत आला, बायकांची जातच अशी म्हणून. त्या गदारोळाला बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ छापून उत्तर दिलं. एका निकालातून मराठीतलं एवढं धारदार पुस्तक निघालं. म्हणून म्हणतो, निकाल वाचा.

हे झालं वरच्या जातीच्या बायांचं. आपल्या बायांचं काय?

देवाला मुलगी सोडायची चाल आपल्याला सांगायला नको. जेजुरीच्या खंडोबाला मुरळी, यल्लमाला जोगतीण, कोकणात देवळाची भावीण. भारतीय दंड संहितेत १८६० पासून ३७२ कलम होतं, अल्पवयीन मुलीला वेश्याव्यवसायासाठी देणं हा गुन्हा. १८६९ साली मुंबई हायकोर्टापुढं जैली भाविणीचं प्रकरण आलं. देवाच्या नावानं मुलगी सोडणं हेसुद्धा या कलमात बसतं, असं कोर्टानं मानलं. निकाल योग्यच. देवाचा पडदा बाजूला सारून आतली गोष्ट उघडी केली. पण खटल्याला नाव कोणाचं लागलं? भाविणीचं. ज्या बाईला स्वतःला लहानपणी कोणीतरी सोडलं होतं, ती आरोपी. देवळाचे मानकरी, गावचे वतनदार, रात्री येणारे भले लोक, यांच्यातल्या कोणाच्या नावानं तो निकाल ओळखला जात नाही.

आणि निकालानं चाल थांबली का? पुढली पासष्ट वर्षं थांबली नाही. १९३४ साली मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षण कायदा करावा लागला. स्वातंत्र्यानंतर १९९० साली विशाल जीत खटल्यात सुप्रीम कोर्टाला पुन्हा देवदासी-जोगिणींवर आणि बाजारात विकल्या जाणाऱ्या लहान मुलींवर सरकारांना सूचना द्याव्या लागल्या. महाराष्ट्रानं २००५ चा नवा कायदा आणला. कोर्ट आणि कायदेमंडळ तीच गाठ पुन्हा पुन्हा मारत होतं.

गाठ खरी सुटायला लागली ती माणसांनी हात घातल्यावर. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली ‘सोमवंशीय मित्र’ काढलं. मुरळ्यांच्या प्रश्नावर रान उठवलं. शिवूबाई जाधव या मुरळीनं स्वतः त्या पत्रात लिहिलं, आणि समाजातल्या एका तरुणानं तिच्याशी लग्न केलं. १९३६ च्या जूनमध्ये परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेब मुरळ्या, जोगतिणी, कामाठीपुऱ्यातल्या बाया यांच्यापुढं उभे राहिले आणि हे जिणं सोडा म्हणून त्यांना स्पष्ट सांगितलं. त्यांनी बायांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं नाही. सभेत बसवलं, चळवळीतली माणसं म्हणून त्यांच्याशी बोलले.

आता लग्नाचं बघा. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेली रखमाबाई, सुतार समाजातली. मोठी झाल्यावर म्हणाली, हा नवरा मी निवडलेला नाही, नांदायला जाणार नाही. दादाजी भिकाजीनं दावा लावला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला. १८८६ साली अपिलात तो निकाल फिरला. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला, महिन्याच्या आत नवऱ्याकडं जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. ती तुरुंगात जायला तयार झाली, आणि १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. पुढं विलायतेला जाऊन ती डॉक्टर झाली. टिळकांचा ‘केसरी’ तिच्या विरुद्ध होता. यात मुद्दा एवढाच धरा: करार केला मोठ्यांनी, तुरुंग दाखवला त्या पोरीला. तिचं सांगणं एवढंच होतं की लहानपणी माझ्या नावावर केलेला सौदा मला बांधत नाही. १९२९ साली शारदा कायदा आला, तेव्हा मुलीच्या लग्नाचं वय कसंबसं १४ झालं.

दोस्तहो, आता माझ्या गिरणीकडं येतो.

मुंबईच्या गिरण्यांत पोरं कामाला होती, आपलीच होती. १८८१ चा फॅक्टरी कायदा म्हणतो, सात वर्षांखालचं मूल घेऊ नका. सात ते बारा असेल तर नऊ तास. सात वर्षांचं मूल, नऊ तास! आणि ही दया समजली जात होती. ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली परळला सभा घेतल्या, साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन केलं. १८९१ च्या दुरुस्तीत वय नऊ झालं, तास सात झाले. १९२२ साली वय बारा झालं. १९४८ च्या कायद्यात चौदा. सातावरून चौदाला यायला सदुसष्ट वर्षं लागली. वर्षाला सव्वा महिना पुढं सरकलो.

मधे १९३३ साली एक छोटा कायदा झाला तो नीट वाचण्यासारखा आहे. मुलांचे श्रम गहाण ठेवण्याविरुद्धचा. कर्जापायी बाप पोराला मालकाकडं बांधून द्यायचा, बिड्या वळायला, गालिचे विणायला. कायद्यानं असा करार रद्द ठरवला. बापाला दंड पन्नास रुपयांपर्यंत, मालकाला दोनशेपर्यंत. वरवर बघता मालकाला चौपट दंड. पण ज्याच्याकडं पन्नास असते त्यानं पोर गहाण कशाला टाकलं असतं? बापाला पन्नास म्हणजे दुसरं पोर गहाण, आणि मालकाला दोनशे म्हणजे दिवाळीचे फटाके.

आमच्या पनवेल तालुक्यात कातकरी वाड्या आहेत. उचल घ्यायची आणि पावसाळा संपला की बिऱ्हाड उचलून वीटभट्टीवर जायचं, हे रायगड-ठाण्याच्या कातकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. आईबाप माती तुडवतात, पोरं विटा पालथ्या करतात. शाळेच्या हजेरीपटावर पोर ‘गैरहजर’. गुरुजी म्हणणार, पालक बेजबाबदार. कोणी त्या पालकाला उचलीचा हिशेब विचारला का? १९७६ साली वेठबिगारी कायद्यानं बंद झाली, संविधानाचं २३ वं कलम त्याच्या आधीपासून आहे. उचल काही बंद झाली नाही.

बाबासाहेबांच्या संविधानात लेकराबद्दल तीन जागा आहेत, पाठ करून ठेवा. २४ वं कलम: चौदा वर्षांखालचं मूल कारखान्यात, खाणीत, धोक्याच्या कामात नाही. ३९ वं: मुलांच्या कोवळ्या वयाचा गैरफायदा घेतला जाऊ नये, याची जबाबदारी राज्याची. ४५ वं, मूळचं: दहा वर्षांत चौदापर्यंतच्या सगळ्या मुलांना मोफत शिक्षण. म्हणजे १९६० पर्यंत. ते झालं नाही. १९९३ साली उन्नीकृष्णन खटल्यात सुप्रीम कोर्टाला म्हणावं लागलं की चौदापर्यंतचं शिक्षण हा मूलभूत हक्क आहे. २००२ साली २१-अ कलम आलं, २००९ साली कायदा. आणि २००२ च्या त्याच दुरुस्तीत हळूच ५१-अ मध्ये एक ओळ घातली, सहा ते चौदाच्या मुलाला शिक्षणाची संधी देणं हे आईबापाचं कर्तव्य. सरकारला आपलं वचन पाळायला बेचाळीस वर्षं उशीर झाला तरी कोणी सरकारला पिंजऱ्यात उभं केलं नाही. कर्तव्याची ओळ मात्र बापाच्या नावावर लागली.

कोर्टाला हे कधी कळलंच नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. १९८२ साली दिल्लीच्या एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं बांधकाम हे धोक्याचं काम मानलं आणि २४ व्या कलमाला दात दिले. १० डिसेंबर १९९६ चा शिवकाशीचा निकाल तर प्रत्येक कार्यकर्त्यानं वाचावा. काडेपेटी-फटाक्यांच्या धंद्यातली पोरं. कोर्टानं सांगितलं, धोक्याच्या कामावर ठेवलेल्या प्रत्येक मुलामागं मालकानं वीस हजार भरावेत. सरकारनं त्या घरातल्या एका मोठ्या माणसाला काम द्यावं, ते जमत नसेल तर पाच हजार भरावेत. व्याजातून पोर शिकावं. इथं पहिल्यांदा कोर्टानं बापाला ‘तू बेजबाबदार’ न म्हणता ‘तुला काम नाही’ हे ओळखलं. अंमल किती झाला ते शिवकाशीला विचारा. पण विचार बरोबर होता.

मग ज्या पोरांना आईबापच नाहीत, किंवा कोर्टानं आईबापापासून काढून घेतलीत, त्यांचं काय? १९२४ सालच्या मुंबईच्या मुलांच्या कायद्यानं बेवारस, भीक मागणारी पोरं ताब्यात घ्यायची सोय केली. डोंगरी, मानखुर्द ही नावं झोपडपट्टीतल्या आया पोरांना धाक म्हणून सांगतात. पत्रकार शीला बारसे यांनी तुरुंगात डांबलेल्या मुलांसाठी सुप्रीम कोर्ट गाठलं. १९८६ साली कोर्टानं हुकूम दिले, सोळा वर्षांखालची पोरं तुरुंगात ठेवू नका. मानखुर्दच्या निरीक्षणगृहाच्या कारभारावरही त्यांचा खटला गेला, आणि कोर्टानं म्हटलं, मूल तिथं उगाच खितपत ठेवायचं नाही.

आणि आपल्या तालुक्यात काय झालं? २०१० साली शहापूरकडच्या कवडास इथल्या मतिमंद मुलांच्या हालांची बातमी छापून आली. मुंबई हायकोर्टानं स्वतःहून ती दाखल करून घेतली, संस्था तपासायला समिती नेमली. त्यातून २०११ मध्ये पनवेलजवळच्या कळंबोलीची संस्था उघडी पडली. ज्यांना बोलून सांगता येत नव्हतं अशा मुलींवर आत अत्याचार चालले होते. मार्च २०१३ मध्ये मुंबईच्या कोर्टानं संस्थाचालकाला दोषी ठरवलं. आपट्याहून कळंबोली किती लांब? एसटीनं गेलं तर एका सकाळीत जाऊन येता येतं. आपल्यातला कोणी तिथं आत जाऊन आला होता का? आईबापाच्या जागी सरकार उभं राहिलं की काम संपत नाही. सरकार नावाच्या बापावरही पहारा लागतो.

शेवटचा मुद्दा आपल्या काळजातला, लेकराची जात.

माझ्या आईनं मला एकटीनं वाढवलं. दाखल्यासाठी ती एका कचेरीत गेली तेव्हा समोरचा माणूस म्हणाला, बापाकडची कागदं आणा. आई म्हणाली, साहेब, पोर मी वाढवलं, बापाची कागदं कुठून आणू? त्यानं पुढचा नंबर पुकारला. महाराष्ट्रात हे घराघरांत घडतं. अनुसूचित जातीच्या दाखल्याला १० ऑगस्ट १९५० च्या वेळचा पुरावा मागतात, आणि तो बापाच्या रक्ताच्या नात्यातून मागतात. बाप सोडून गेला, तरी लेकरू कागदावर त्याचंच.

कोर्टानं यावर काय म्हटलंय ते खिशात ठेवा. १९५६ च्या पालकत्वाच्या कायद्यात लिहिलंय, नैसर्गिक पालक बाप आणि ‘त्याच्यानंतर’ आई. गीता हरिहरन या लेखिकेनं पोराच्या नावानं रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायला अर्ज केला होता, तर बापाची सही मागितली. १९९९ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं, ‘नंतर’ म्हणजे बाप मेल्यावरच असं नाही. बापानं लक्षच दिलं नाही तरी आई पालक. २०१५ साली म्हटलं, लग्न न झालेल्या आईला पालक व्हायला बापाला नोटीस द्यायची गरज नाही. आणि जातीबद्दल: २००३ साली पुनीत राय खटल्यात कोर्ट म्हणालं होतं की जात बापाकडून येते. पण १८ जानेवारी २०१२ ला रमेशभाई नायका खटल्यात, आई आदिवासी आणि बाप वरच्या जातीचा असताना, कोर्टानं सांगितलं की बापाची जात हा फक्त अंदाज. लेकरू आईच्या समाजात वाढलं, तिथलीच हेटाळणी आणि तेच दारिद्र्य त्याच्या वाट्याला आलं, हे दाखवलं तर आईची जात लागू होते. म्हणजे जात ही रक्तात नसून जगण्यात भोगावी लागते, हे कोर्टानं मान्य केलं. बाबासाहेबांनी जन्मभर हेच मांडलं.

पण हुरळून जाऊ नका. २०१६ साली बालमजुरीचा कायदा बदलला. चौदाखालच्या मुलाला कुठंच कामाला ठेवायचं नाही, असं एकीकडं. आणि दुसरीकडं, शाळेच्या वेळेनंतर घरच्या धंद्यात मुलानं हात लावला तर चालेल, धोक्याचा धंदा सोडून. ऐकायला गोड लागतं. पण घरचा धंदा म्हणजे काय? या देशात घरचा धंदा म्हणजे जातीचा धंदा. १८७४ चा वतन कायदा महाराच्या पोराला जन्मतःच गावकीच्या कामाला जुंपत होता. त्याविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात बिल मांडलं, आणि ती वतनं जायला १९५८ चा कायदा यावा लागला. तेच जोखड ‘कौटुंबिक उद्योग’ असं नाव घेऊन मागल्या दारानं येत असेल, तर ओळखायला आपले डोळे उघडे पाहिजेत.

यातून आपलं काम काय? मला दिसतं ते सांगतो. कायद्यात आता आपल्या बाजूचं एक वाक्य आहे. २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या ७५ व्या कलमात म्हटलंय की परिस्थितीपुढं हतबल होऊन जन्मदात्यांनी मूल सोडलं असेल, तर ते मुद्दाम सोडलं असं धरायचं नाही आणि त्या शिक्षा त्यांना लावायच्या नाहीत. काशीबाईपासून दीडशे वर्षांनी हे वाक्य आलं. पोलीस आणि समितीपुढं हे वाक्य कोण म्हणून दाखवणार? ती आई म्हणू शकत नाही. तुम्हा-आम्हाला तिच्या शेजारी उभं राहून म्हणावं लागेल. वाडीवरची पोरं भट्टीला निघण्याआधी मुकादमाची उचल लिहून घ्या. एकट्या बाईच्या दाखल्याच्या अर्जाला २०१२ च्या निकालाची प्रत जोडा. जवळच्या बालगृहाची पायरी वर्षातून चार वेळा तरी चढा. प्रत्येक शाखेनं एकेक निकाल मराठीत, साध्या भाषेत उतरवून काढावा. आमच्या आपट्याच्या पोरांनी शिवकाशीचा निकाल घेतलाय. दुसरा कोण कोणता घेतो, ते पुढच्या अंकापर्यंत कळवा.

जयभीम.